दोन रकाने, एक विज्ञान

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मी कवितेचा माणूस. पदवी बी.ए.ची, तीही मराठी घेऊन. अशा माणसानं भौतिकशास्त्राच्या शिकवण्यावर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण मी बी.ए. झालो त्यालाही भौतिकशास्त्रच कारणीभूत आहे. म्हणून ती हकिगत आधी सांगतो.

सांगलीत माझ्या वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी बैलगाडीतून, टेम्पोतून यायच्या. अब्बा घरात दखनी बोलायचे, गिऱ्हाइकाशी मराठी. फेज, न्यूट्रल, लोड, ॲम्पिअर, स्टार्टर हे शब्द मात्र दोन्ही बोलींत सारखेच असायचे. "फेज गया क्या देख रे," हे वाक्य मी अक्षरओळख होण्याआधीच शिकलो असेन. शाळा मराठी माध्यमाची. विज्ञानात मला गोडी होती, दहावीला गुणही चांगले पडले. १९८६ साली मी अकरावी शास्त्र शाखेला नाव घातलं.

पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर 'ॲक्सिलरेशन' लिहिलं आणि पुढं गेले. माझा पाय तिथंच अडकला. हा शब्द म्हणजे आपण दहावीत शिकलेलं 'त्वरण', हे मला आठ दिवसांनी कळलं. तेही वसतिगृहातल्या एका मुलानं सांगितलं म्हणून. तोवर 'मोमेंटम' आला होता. तो आमचाच 'संवेग', हे कळेपर्यंत 'टॉर्क' आला. मला गणित येत होतं, कल्पना ठाऊक होती, फक्त तिचं नवं नाव ठाऊक नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी कला शाखेत बसलो. अब्बा काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "मोटार जळली नव्हती रे, नुसता जोड सुटला होता."

हा सुटलेला जोड माझ्या एकट्याचा नाही. सातारा-सांगलीच्या खेड्यापाड्यांतून मराठी माध्यमात शिकून अकरावी शास्त्रला गेलेल्या हजारो मुलामुलींचा तो आहे. आज शाळांत पडदे आले, मोबाइलवर धडे आले. एकच प्रयोग मराठीत आणि इंग्रजीतही पाहता येतो. त्यामुळं हा जोड पुन्हा बसवण्याची एक संधी आली आहे. ही संधी नवी आहे, पण प्रश्न पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे. म्हणून थोडं मागं जाऊ.

६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं. आपण ते मराठीतलं पहिलं वृत्तपत्र म्हणून ओळखतो आणि तो दिवस पत्रकार दिन म्हणून पाळतो. पण 'दर्पण' केवळ मराठी नव्हतं. त्याच्या पानावर दोन रकाने असत, एक इंग्रजी आणि एक मराठी. पोंभुर्ल्याचे हे बाळशास्त्री पुढं एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि ज्योतिष शिकवत. १८४० साली त्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केलं आणि त्यात भूगोल, पदार्थविज्ञान, रसायन असे विषय मराठीत आणले. १८४६ साली ते वारले, तेव्हा त्यांनी पस्तिशीही ओलांडली नव्हती. म्हणजे मराठीत नव्या विज्ञानाची पहाट झाली, तेव्हा दोन्ही भाषा शेजारी शेजारी बसलेल्या होत्या. एकीनं दुसरीला उठवून लावलं नव्हतं.

त्याच सुमारास दिल्लीतही असंच काहीसं चाललं होतं. दिल्ली कॉलेजात मास्टर रामचंद्र उर्दूतून गणित आणि विज्ञान शिकवत होते. पाश्चात्त्य ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी तिथं भाषांतर मंडळी होती. रामचंद्रांचा गणितावरचा ग्रंथ डी मॉर्गन या नामांकित गणितज्ञानं १८५९ साली लंडनमध्ये पुन्हा छापवला. देशी भाषेतून शिकवणारा मास्तर जगाच्या गणितात मागं पडत नाही, याचा एवढा जुना दाखला आपल्याकडं आहे.

मग जोड सुटला कुठं? १८४० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या शिक्षण मंडळात मोठा वाद झाला. सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूनं होते. गणिताची पुस्तकं मराठीत आणणारे जॉर्ज जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट हे देशी भाषांच्या बाजूनं होते. १८५४ च्या वुडच्या खलित्यानं मधला मार्ग काढला. सर्वसामान्यांचं शिक्षण देशी भाषांतून आणि वरचं शिक्षण इंग्रजीतून, असा तो मार्ग. ऐकायला तो समजूतदार वाटतो. पण त्यामुळं शिक्षणाचं दुमजली घर उभं राहिलं, खालचा मजला मराठी आणि वरचा इंग्रजी. जिना कुणी बांधायचा, हे मात्र कुणाच्याच कामात धरलं गेलं नाही.

साताऱ्यात या दुमजली घराची एक खूण आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी छोटा भीमराव आंबेडकर इथल्या सरकारी शाळेत दाखल झाला. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्या मुलाचं नाव ज्या वर्गात घातलं, त्या वर्गाला 'इंग्रजी पहिली' म्हणत. मराठी इयत्ता संपल्या की पुन्हा 'पहिली'! मुलानं चार वर्षांत जे कमावलं, ते उंबऱ्याबाहेर ठेवून आत यायचं, असा त्या नावाचा अर्थ होत होता.

खेड्यातल्या मुलाला या घराच्या दारापर्यंत आणलं ते कर्मवीर भाऊराव पाटलांनी. तरुणपणी ते किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकायला गावोगाव हिंडले होते. तरफ काय करते, फाळ माती कसा उलथतो, हे शेतकऱ्याला त्याच्याच बोलीत समजावून सांगणं हा त्यांच्या कामाचा भाग होता. मला ते आपल्या भागातले पदार्थविज्ञानाचे फिरते मास्तरच वाटतात. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली ती साताऱ्याला आणली. त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातीधर्मांची मुलं एका पंगतीला जेवली. आमच्या समाजातली मुलंही त्यात होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावोगावच्या माध्यमिक शाळांत मराठी माध्यम रुजलं आणि विज्ञान मराठीतून शिकवलं जाऊ लागलं. खालचा मजला भरून गेला.

या मजल्याला शब्द पुरवण्याचं मोठं काम सातारा जिल्ह्यातच झालं, तेही वाईत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचं काम तिथं उभं राहिलं. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, पण त्याच्या आधी १९७३ साली परिभाषेचा खंड निघाला होता. आधी शब्द ठरवायचे आणि मग ज्ञान लिहायचं, असा तो क्रम. कृष्णेकाठच्या त्या गावात इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्द मांडत किती विद्वान किती वर्षं बसले असतील! आता विश्वकोश इंटरनेटवरही आहे आणि दहावीचा मुलगा मोबाइलवर तो फुकट वाचू शकतो.

पण शब्द घडवणं वेगळं आणि तो मुलाच्या तोंडी बसवणं वेगळं. उर्दूचा अनुभव इथं उपयोगी पडेल. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमात सुरू झालं. त्याच्या आदल्या वर्षी खास भाषांतर विभाग उघडला होता. गुरुत्वाकर्षणाला 'कशिश-ए-सक़्ल', त्वरणाला 'इसरा', असे देखणे शब्द चलनात आले. १९४८ नंतर तिथलं माध्यम बदलून इंग्रजी झालं आणि विद्यापीठातले ते शब्द ग्रंथालयात जाऊन बसले. उर्दू शाळांतल्या मुलांना मात्र तेच शब्द आजही शिकावे लागतात. एका मजल्यावर शब्द शिकवायचे आणि दुसऱ्या मजल्यावर ते ओळखायचेच नाहीत, यात नुकसान मुलाचं होतं.

ही अडचण शिक्षणतज्ज्ञांना दिसली नव्हती असं नाही. सत्येंद्रनाथ बोस हे आइन्स्टाइनच्या तोडीच्या विषयावर काम करणारे शास्त्रज्ञ, पण विज्ञान बंगालीतून शिकवता येतं असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी १९४८ साली त्यांनी कोलकात्यात बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली. आपल्याकडं १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. १९७४ पासून मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काम करू लागलं. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यापासून मुंबईच्या महापालिका शाळांपर्यंत तिथल्या मंडळींनी काम केलं. पुस्तकाची अवघड भाषा हीच गरीब मुलाच्या वाटेतली धोंड असते, ही गोष्ट त्यांनी आवर्जून पुढं आणली.

आता योगायोग पाहा. बोस-आइन्स्टाइन संघनित हे द्रव्याचं नवं रूप प्रत्यक्षात आणल्याबद्दल २००१ सालचं नोबेल तिघांना मिळालं. त्यांतले एक अमेरिकेचे कार्ल वायमन. त्यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' नावाचा प्रकल्प सुरू केला. संगणकाच्या पडद्यावर मुलानं स्वतः तारा जोडाव्यात, दिवा लावावा, चेंडू फेकावा, असे ते खेळते प्रयोग. ते फुकट आहेत आणि जगातल्या अनेक भाषांत आहेत. त्यांतले बरेच मराठीतही आहेत. बोसांच्या नावाच्या शोधावर नोबेल मिळवणाऱ्या माणसाचं काम बोसांचाच आग्रह असा पुढं नेत आहे.

आपल्या देशातही सामग्री कमी नाही. पुण्याच्या आयुकात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांच्या चित्रफिती मराठीतही पाहायला मिळतात. सी-डॅक आणि अमृता विद्यापीठ यांच्या 'ओलॅब्स' या आभासी प्रयोगशाळेत इंग्रजीबरोबर मराठीही आहे. २०१७ साली केंद्र सरकारनं 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू केलं, आणि बालभारतीच्या पुस्तकांत छापलेल्या क्यूआर कोडमुळं धड्यातून थेट चित्रफितीवर जाता येऊ लागलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तर गणित आणि विज्ञानासाठी दर्जेदार द्विभाषिक पुस्तकं आणि साहित्य करावं, असं स्पष्टच म्हटलं. मुलाला या विषयांवर घरच्या भाषेतही आणि इंग्रजीतही विचार करता यावा, बोलता यावं, हा त्यामागचा हेतू. 'दर्पण'चे दोन रकाने असे फिरून परत आले.

पडद्यावरचे दोन रकाने कागदापेक्षा सोयीचे असतात. पुस्तकात सगळं दोनदा छापायचं तर पानं दुप्पट होतात आणि दप्तर जड होतं. पडद्यावर बोट लावलं की भाषा बदलते, चित्र तेच राहतं. ते चित्र तेच राहणं, हेच खरं महत्त्वाचं. त्वरण म्हटलं तरी गाडी तशीच पळते आणि ॲक्सिलरेशन म्हटलं तरी तशीच. नावं दोन आहेत आणि वस्तू एक आहे, हे डोळ्यांना पटतं. १९८६ साली माझ्या फळ्यावर नेमकं हेच नव्हतं.

गेल्या वर्षी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत कवितावाचनाला गेलो होतो. कार्यक्रमाला वेळ होता म्हणून नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो. बाई 'कार्य' शिकवत होत्या. त्यांनी आधी विचारलं, "कार्य म्हणजे काय?" एक मुलगा म्हणाला, "बाई, आमच्या घरात परवा कार्य आहे, ताईचं लग्न." वर्ग हसला, बाईही हसल्या. मग त्यांनी पडद्यावर म्हैसाळ योजनेचं चित्र लावलं. कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलून जतच्या दुष्काळी भागाकडं नेतात, ती योजना. बाईंनी गणित घातलं. हजार लिटर पाणी दहा मीटर वर चढवायचं तर किती कार्य? मुलांनी वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला आणि उत्तर आलं सुमारे अठ्ठ्याण्णव हजार ज्यूल. विजेचं एक युनिट म्हणजे छत्तीस लाख ज्यूल. म्हणजे कागदावर एका युनिटमध्ये असे छत्तीस हौद वर चढतात. "मग बिल एवढं का येतं?" एका मुलीनं विचारलं. तिथून घर्षण आलं, पंपाची कार्यक्षमता आली, पाइपातली गळती आली. सगळं समजून झाल्यावर बाईंनी पडद्यावरची भाषा बदलली. कार्यच्या जागी 'वर्क' आलं, ऊर्जाच्या जागी 'एनर्जी'. मुलं न अडखळता वाचत गेली. मला मागच्या बाकावर बसून उगाचच भरून आलं.

त्या बाईंचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी ओळखीची वस्तू, मग तिचं मराठी नाव आणि शेवटी इंग्रजी नाव. आपल्याकडं सेमी-इंग्रजीच्या नावाखाली पुष्कळदा हा क्रम उलटा होतो. आधी इंग्रजी व्याख्या पाठ, मग जमलं तर अर्थ, आणि वस्तू बहुधा राहूनच जाते. वस्तूंची तर आपल्या दोन जिल्ह्यांत रेलचेल आहे. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरतं आणि पोफळीच्या बाजूला वीज होतं. हा १९६० मेगावॉटचा धडा आपल्या घाटावरच आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. मिरजेत सतारमेकरांच्या कारखान्यांत तंबोऱ्याची जवारी लावतात. घोडीच्या किंचित वक्र पृष्ठावर तार अशी टेकवतात की एका सुरातून अनेक सूर उमटतात. याच वाद्यांच्या तारांचा अभ्यास शंभर वर्षांपूर्वी सी. व्ही. रामन यांनी केला होता. आवाजाचा धडा शिकताना मिरजेच्या मुलानं आधी 'जवारी' म्हणावं, मग 'कंपन' म्हणावं आणि मग 'व्हायब्रेशन' म्हणावं. यातलं कुठलंही पाऊल गाळू नये.

दोन भाषा म्हणताना आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. जत तालुक्यात कितीतरी घरांत कानडी बोलतात, कानडी माध्यमाच्या शाळाही आहेत. मिरजेत, सांगलीत, कऱ्हाडात उर्दू शाळा आहेत. वाड्यावस्त्यांवरच्या मुलांची बोली पुस्तकी मराठीपासून लांबच असते. 'विभवांतर' हा शब्द त्या मुलाला 'पोटेन्शियल डिफरन्स'इतकाच परका आहे. म्हणून द्विभाषिक सामग्रीतली पहिली भाषा पुस्तकाची नसावी, मुलाची असावी. "फेज गया" म्हणणाऱ्या मुलाला विद्युतधारा कळायला फार वेळ लागत नाही. फक्त करंट 'बसतो' तो वेगळा आणि तारेतून 'वाहतो' तो वेगळा, एवढं त्याला कुणीतरी प्रेमानं सांगायला हवं.

धोकेही आहेत. यंत्राकडून केलेली भाषांतरं मी पाहिली आहेत. त्यात विजेचा 'चार्ज' प्रभाराऐवजी 'शुल्क' होतो आणि 'फील्ड'चं थेट 'शेत' होतं. ऊसवाल्या जिल्ह्यात 'विद्युत शेत' वाचून पोरं काय समजतील, याचा विचार करा! असं साहित्य कुणी जाणत्यानं तपासल्याशिवाय वर्गात जाऊ नये. दुसरा धोका असा की पडदा आला म्हणून प्रयोगशाळेला कुलूप लागायचं. पडद्यावरचा दिवा कधी फ्यूज होत नाही, तार कधी सैल राहत नाही. खऱ्या सेलला खरी तार जोडताना जे हाताला कळतं, ते पडद्यावर कळत नाही. तिसरी गोष्ट साधी आहे. वीज नाही, रेंज नाही, तेव्हा काय? त्या वेळी खडू, फळा आणि शिक्षकच असतात. फळ्याच्या मधोमध एक रेघ ओढली की दोन रकाने तिथंही होतात. त्याला नेटवर्क लागत नाही.

अब्बा आता नाहीत. दुकान धाकटा भाऊ चालवतो. त्याची मुलगी यंदा अकरावी शास्त्रला आहे. परवा तिनं मोबाइलवर एक धडा उघडला, थोडा मराठीत ऐकला, मग इंग्रजीत लावला आणि वहीत मध्ये रेघ ओढून दोन्हीकडं शब्द लिहिले. डावीकडं संवेग, उजवीकडं मोमेंटम. मी विचारलं, "अवघड जातंय का?" ती म्हणाली, "नाही, बडे अब्बा. शब्दच तर नवा आहे."

चाळीस वर्षांपूर्वी हे वाक्य मला कुणी सांगितलं असतं तर मी आज कोण झालो असतो, ते सांगता येत नाही. कवितेबद्दल माझी तक्रार नाही. पण कुठल्याही मुलानं विज्ञान सोडलं तर ते आवडीनं सोडावं, एका शब्दापायी सोडू नये. आपल्या गावातल्या शाळेत पडदा लागला असेल, तर एकदा जाऊन पाहा आणि शिक्षकांना विचारा, दोन्ही रकाने भरताय ना?